‘ऐकू येत नाही’ आणि ‘तुटले’ : दुवाभंगाच्या निदानाची भाषिक चिकित्सा

१

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची प्रसिद्ध बाजारपेठ होय. तारा, जोडण्या, संगणकांच्या जाळ्यासाठी लागणारे स्विच यांचा बराचसा व्यवहार तेथे मराठीतून चालतो. म्हणून तांत्रिक मराठीच्या अभ्यासकाला ही गल्ली एखाद्या परिभाषाकोशाइतकीच उपयुक्त आहे. दोन यंत्रांमधील दुवा चालेनासा झाला म्हणजे या व्यवसायातील माणसे साधारणतः तीन वाक्ये योजतात : ‘केबल तुटली’, ‘लिंक गेली’ आणि ‘लिंक येत नाही’. व्यवहारात ती एकमेकांच्या जागी वापरली जातात, परंतु त्यांचा व्याकरणिक घाट एक नाही. पहिले वाक्य वस्तूच्या अवस्थेविषयी विधान करते. दुसरे ‘वीज गेली’, ‘आवाज गेला’ या जातीचे आहे. घटना घडली एवढे ते सांगते आणि कारणाविषयी काही बोलत नाही. तिसऱ्यात ‘मला’ किंवा ‘इथे’ हे पद अध्याहृत आहे. बोलणाऱ्याच्या अनुभवापलीकडे ते एक पाऊलही टाकीत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय डेटा सेंटरमधील स्विच आपला दुवा तुटल्याचे कसे ओळखतात, हा आहे. भाषाशास्त्राच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ‘ओळखतात’ या क्रियापदातच सारा वाद दडलेला आहे. पॉल व कॅरोल किपार्स्की यांनी १९७० साली ज्या क्रियापदांचे विवेचन केले, त्यांच्या पूरक वाक्याची सत्यता वक्ता गृहीतच धरीत असतो. ‘त्याने बिघाड ओळखला’ असे म्हटले की बिघाड होता हे मान्य करूनच पुढे जावे लागते. ‘त्याने बिघाड ओळखला नाही’ असे म्हटले तरीही ते गृहीत ढळत नाही. स्विचला मात्र बिघाड कधीच दिसत नाही. त्याला फक्त अपेक्षित असलेले काही ऐकू येत नाही. ‘ऐकू येत नाही’ पासून ‘तुटले’ पर्यंतचे अंतर तो कोणत्या संकेतांच्या आधारे ओलांडतो, आणि ते ओलांडण्याचा अधिकार त्याला कितपत आहे, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मोठ्या डेटा सेंटरमध्ये संगणकांच्या प्रत्येक मांडणीवर एक स्विच असतो आणि तो वरच्या पातळीवरील अनेक स्विचांना जोडलेला असतो. एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जाण्याचे अनेक समान मार्ग त्यामुळे उपलब्ध असतात. एखादा दुवा निकामी झाल्यास वाहतूक उरलेल्या मार्गांवर वळविता येते. अट एवढीच की, तो निकामी झाल्याचे स्विचला कळले पाहिजे. ते कळेपर्यंत स्विच पॅकेटे त्याच वाटेने पाठवीत राहतो आणि ती नाहीशी होत राहतात. सेकंदाला १०० गिगाबिट वाहून नेणारा दुवा पूर्ण भरलेला असेल, तर एका सेकंदात साडेबारा गिगाबाइट मजकूर अशा रीतीने वाया जाऊ शकतो. प्रश्न पुण्याला परका नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात आपल्या डेटा सेंटरांचे जे तीन विभाग सुरू केले, त्यांपैकी मध्य भारत विभाग पुण्यात आहे.

निदानाची सर्वांत खालची पातळी भौतिक आहे. ऑप्टिकल फायबरच्या टोकाशी बसविलेला ग्राहक येणाऱ्या प्रकाशाची शक्ती मोजतो, आणि ती ठरावीक मर्यादेखाली गेली म्हणजे ‘संकेत नाही’ असे कळवितो. हे निदान अतिशय जलद असते. तरीही अंधाराचे कारण अंधारातून कळत नाही. फायबर तुटले असेल, पलीकडचा लेसर बंद पडला असेल, तेथील वीज गेली असेल, किंवा कोणी जोडणी उपसून ठेवली असेल. अलीकडच्या टोकाला या चारही घटना सारख्याच दिसतात.

याच्या वरच्या पायरीवर जे चालते ते भाषाभ्यासकाला विशेष विचार करावयास लावणारे आहे. पाठविण्यासारखे काही नसतानाही आजचे इथरनेट दुवे गप्प बसत नाहीत. रिकामेपणाची चिन्हे ते अखंड पाठवीत असतात. ही प्रथा जुनी आहे. १९९० सालच्या, मुरडलेल्या तारांच्या दहा मेगाबिट प्रकारातही दर सुमारे १६ मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठविण्याची योजना होती. त्या स्पंदात संदेश कोणताच नसे. ‘मी आहे’ एवढाच त्याचा अर्थ. मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली अशा उक्तींकडे प्रथम लक्ष वेधले, आणि याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात भाषेच्या सहा कार्यांपैकी एक म्हणून, दोन व्यक्तींमधील संपर्क चालू आहे की नाही हे पडताळण्याच्या कार्याची स्वतंत्र गणना केली. आपल्याकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणत राहावे असा रिवाज होता. हुंकार थांबला की सांगणारा थांबे. त्या ‘हूं’ मध्ये गोष्टीविषयी काहीही माहिती नसते, आणि तरीही तो नसेल तर गोष्ट पुढे जात नाही.

दहा गिगाबिटांच्या दुव्यावर हा हुंकार अधिक शिस्तबद्ध झाला आहे. तेथे ६६ बिटांचे एकेक खंड पाठविले जातात आणि प्रत्येकाच्या आरंभी दोन बिटांचे शीर्ष असते. या दोन बिटांच्या चार संभाव्य जोड्यांपैकी ०१ आणि १० या दोनच शुद्ध; ०० आणि ११ या अशुद्ध. १२५ मायक्रोसेकंदांच्या अवधीत सुमारे साडेएकोणीस हजार खंड येतात. त्यांपैकी सोळांचे शीर्ष जरी अशुद्ध निघाले, तरी ग्राहक दुव्याचा दर्जा घसरल्याचे जाहीर करतो. मराठीत कर्त्याच्या लिंगवचनाची पुनरुक्ती क्रियापदात होते. तिने अर्थात फारशी भर पडत नाही, पण ती चुकली की काहीतरी बिनसल्याचे श्रोत्याला तत्क्षणी कळते. या दोन बिटांचे कार्य त्याच प्रकारचे आहे.

याच प्रमाणकातील आणखी एक तरतूद आमच्या मते मर्मग्राही आहे. प्रकाश नेणारा एक व आणणारा एक, असे दोन तंतू प्रत्येक दुव्यात असतात, आणि त्यांपैकी एकच तुटणे सहज शक्य आहे. अशा वेळी ज्याला ऐकू येत नाही तो स्विच स्वतः गप्प न बसता, आपल्या शाबूत तंतूवरून पलीकडच्या स्विचला ‘दूरस्थ दोष’ नावाचे चिन्ह पाठवितो. त्याचा शब्दशः अर्थ ‘मला तुझे ऐकू येत नाही’ असा होतो. ‘तू मेलास’ किंवा ‘तार तुटली’ असे तो म्हणत नाही. तपकीर गल्लीतील तिसऱ्या वाक्याचीच ही यांत्रिक आवृत्ती होय.

३

न ऐकण्यावरून नसण्याचे ज्ञान होते काय, हा प्रश्न आपल्या परंपरेत पुरातन आहे. कुमारिलभट्टांच्या संप्रदायाने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी तसे मानले नाही. प्राभाकरांनी अभाव हा पदार्थच नाकारला. या मतभेदात आपल्याला शिरावयाचे नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या चर्चेतून निघालेली एक अट. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही, हा निष्कर्ष उजेडात खरा आणि काळोखात निराधार. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच त्याचे न दिसणे ज्ञान देते. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. बौद्ध तार्किकांत धर्मकीर्तीनेही दृश्य वस्तूच्याच अनुपलब्धीला हेतूचा दर्जा दिला.

व्याकरणात हीच दृष्टी आढळते. पाणिनीने लोपाची व्याख्या न दिसणे या कल्पनेने केली. परंतु जे मुळात प्राप्तच नव्हते त्याच्या न दिसण्याला लोप म्हणावयाचे काय, अशी शंका पुढे उपस्थित झाली आणि ‘प्रसक्त’ म्हणजे प्राप्त असलेल्याचेच अदर्शन तो लोप, असा खुलासा वैयाकरणांना करावा लागला. मराठीत ‘बसा’, ‘बसू’, ‘बसो’ यांच्या पंगतीत ‘बस’ उभा राहतो म्हणून त्याच्या शेवटच्या रिक्ततेला आज्ञेचा अर्थ येतो. पंगत नसती तर ती रिक्तता केवळ रिक्तता राहिली असती.

या दोन्ही विवेचनांचा निष्कर्ष एकच आहे. मौनाला स्वतःचा अर्थ नसतो. बोलणे कधी प्राप्त होते याविषयी आधी झालेल्या संकेतातून तो येतो. स्विचांच्या बाबतीत हा संकेत म्हणजे घड्याळ.

घड्याळाविना केलेली रचना कशी असते याचे उदाहरण पुण्यातच आहे. १९८८ साली येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि १९९१ साली त्याने ‘परम ८०००’ हा संगणक सिद्ध केला. त्यात इन्मॉस कंपनीचे टी-८०० जातीचे ट्रान्सप्यूटर वापरले होते. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला चार दुवे असत. त्यांच्यावरून एकेक बाइट पाठविला जाई, आणि पलीकडून त्याची पोच आल्याखेरीज पुढचा बाइट जात नसे. प्रत्येक अक्षराला हुंकार, अशी ही व्यवस्था होती. गोष्ट हरवण्याची भीती तीत नव्हती. उणीव वेगळीच होती : पोच किती वेळात यावी हे दुव्याच्या संकेतात सांगितलेलेच नव्हते. म्हणून पलीकडचा विलंब आणि पलीकडचा विनाश यांत भेद करण्याचे साधन दुव्यापाशी नव्हते. तो आपला वाट पाहत राही. कालमर्यादा हवी असेल तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती वरून घालावयाची. हुंकार असूनही मौन निरर्थकच राहू शकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

४

आता ज्या संकेतपद्धतींत घड्याळ आहे त्यांच्याकडे वळू. त्यांचे मूळ ग्रंथ म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणकांचे क्रमांकित लेख. आजवर ते केवळ अभियंत्यांनी वाचले. त्यांच्या शब्दयोजनेची परीक्षा फारशी झालेली नाही.

१९९८ सालच्या २३२८ क्रमांकाच्या लेखात जॉन मॉय यांनी ओ. एस. पी. एफ. ही मार्गनिर्णयाची पद्धती नोंदविली. तीत शेजारी एकमेकांना ‘हॅलो’ म्हणतात. सामान्यतः दर १० सेकंदांनी. ४० सेकंद ‘हॅलो’ आले नाही तर शेजारी नाहीसा झाला असे धरतात. या ४० सेकंदांच्या अवधीला लेखात ‘मृत’ या विशेषणाने युक्त असे नाव दिले आहे. पण त्याच लेखात, तो अवधी संपताच घडणाऱ्या घटनेचे नाव मात्र ‘निष्क्रियतेचा गणक’ असे आहे. मृत्यू आणि निष्क्रियता यांत किती अंतर आहे, हे आप्ताची खुशाली न आलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. विशेष असे की, व्याख्येत शेजारी त्याला बंद ‘घोषित करतात’ अशा अर्थाचे क्रियापद आले आहे. घोषणा ही जे. एल. ऑस्टिन यांच्या अर्थाने कृतिरूप उक्ती आहे. ती खरी किंवा खोटी नसते; उचित किंवा अनुचित असते. म्हणजे लेखकाने नावात मृत्यूचा दावा केला आणि व्याख्येत तो हळूच मागे घेतला.

४० सेकंद हा डेटा सेंटरमध्ये युगासारखा काळ आहे. दोन स्विचांमधील दुवे एकत्र बांधणाऱ्या एल. ए. सी. पी. या पद्धतीत सावकाश गतीला ३० सेकंदांनी आणि जलद गतीला एका सेकंदाने संदेश जातो, व तिप्पट अवधी मौनात गेल्यावर तो दुवा गटातून वगळला जातो. यापेक्षाही शीघ्र निदानासाठी कॅट्झ आणि वॉर्ड यांनी २०१० साली ५८८० क्रमांकाच्या लेखात बी. एफ. डी. ही पद्धती प्रमाणित केली. तीत दोन्ही बाजू आपापली गती आधी एकमेकांना कळवितात. मी इतक्या वेगाने बोलू इच्छितो, मला इतक्या वेगाने ऐकणे झेपते, इतके शब्द ओळीने चुकले तर मौन समजावे, असा करार होतो. ५० मिलिसेकंदांचा अवधी आणि तीनचा गुणक ठरला तर १५० मिलिसेकंदांत निर्णय लागतो. योग्यानुपलब्धीची अट येथे आकड्यांत उतरली आहे.

या पद्धतीच्या नावाची रचना लक्षणीय आहे. तिच्या पूर्ण इंग्रजी नावाचा अर्थ ‘दोन्ही दिशांच्या अग्रेषणाचा शोध’ असा होतो. शोध चालतो तो अग्रेषणाचा, म्हणजे पॅकेटे पुढे जात असल्याचा. भंगाचा उल्लेखही नावात नाही. जे खरोखर अनुभवास येते त्याचेच नाव पद्धतीला दिले, हा विवेक आम्हांस ओ. एस. पी. एफ.च्या ‘मृत’ विशेषणापेक्षा श्रेष्ठ वाटतो. शिवाय दुवा बंद धरण्याचे कारणही संदेशात आकड्याने लिहिले जाते. १ म्हणजे ठरलेला काळ मौनात गेला. ३ म्हणजे शेजाऱ्यानेच सत्र बंद झाल्याचे सांगितले. ७ म्हणजे व्यवस्थापकाने ते बुद्ध्या बंद केले. पहिले ज्ञान अनुपलब्धीचे, दुसरे शब्दप्रमाणाचे, आणि तिसऱ्यात तर सांगूनसवरून धरलेले मौनव्रत आहे. इतका सूक्ष्म प्रमाणविवेक यंत्रांच्या भाषेत असावा आणि तिचा अर्थ लावणाऱ्या माणसांनी तिन्हींसाठी ‘डाऊन’ हा एकच शब्द पुरेसा मानावा, हे खेदकारक आहे.

५

या उपपत्तीवर अभियंत्यांचा एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. ते म्हणतील : दुवा खरोखर तुटला की नाही याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही, वाहतूक वेळेवर दुसरीकडे वळली की काम झाले. शंकेपोटी एखादा चांगला दुवा वगळला गेला तरी उरलेले आहेतच. त्यांच्या बाजूला सिद्धान्ताचाही आधार आहे. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ साली दाखविले की, संदेशाला लागणाऱ्या वेळेची मर्यादा ठाऊक नसेल, तर एकजण जरी बंद पडण्याचा संभव असला तरी सर्वांचे एकमत निश्चितपणे घडवून आणणारी रीत असू शकत नाही. चंद्रा आणि तुएग यांनी १९९६ साली यातून वाट काढताना निदानाचे दोन गुण वेगळे केले : खरोखर बंद पडलेला सुटू नये, आणि चालू असलेल्यावर आळ येऊ नये. अवधी आखूड केला की पहिला गुण लवकर साधतो पण दुसरा ढळतो. अवधी लांबविला की उलट होते.

निर्णयापुरता हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. तीनदा ‘ऐकू येत नाही’ झाल्यावर ‘तुटले असे धरू’ म्हणणे ही उचित घोषणाच होय. परंतु घोषणा तेथेच थांबत नाही. तिची नोंद होते, आणि नोंदीत ‘असे धरू’ हा अंश गळून पडतो. दुसऱ्या दिवशी ती वाचणारा माणूस तिला वस्तुस्थितीचे निवेदन समजून शाबूत केबल बदलू लागतो. यातून होणाऱ्या भ्रमाचे तीन प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार स्वतःच्या बधिरतेचा. ‘हॅलो’ तपासणारा स्विचचा मुख्य प्रक्रियक अन्य कामात गुंतला असेल तर आलेले ‘हॅलो’ही वेळेत वाचले जात नाही. येथे काळोख पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच आहे. बी. एफ. डी.चे काम पुष्कळदा स्विचच्या स्वतंत्र यंत्रभागाकडे सोपविले जाते ते याच कारणाने. एकाच क्षणी सगळे शेजारी गप्प झाले, तर आपलेच कान तपासावेत, हे कोणत्याही विचारी माणसाला सुचेल. दोन बाजूंपुरत्या करारात मात्र ते लिहिलेले नसते.

दुसरा प्रकार अतितत्परतेचा. क्षणभर खंडित होऊन पुन्हा सांधणारा दुवा दर वेळी मृत व जिवंत घोषित झाला, तर साऱ्या जाळ्याला आपले मार्ग पुनःपुन्हा मोजावे लागतात आणि मूळ खंडापेक्षा त्याच्या बातमीचाच उपद्रव अधिक होतो. म्हणूनच बातमी थोडी रोखून धरण्याची सोय स्विचांत ठेवलेली असते.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. हुंकार शाबूत राहतो आणि गोष्ट हरवते. ‘हॅलो’ची लहान पॅकेटे सुखरूप पोचतात, पण मोठी पॅकेटे वाटेत खराब होतात, अथवा अनेक तंतूंच्या जुडग्यातून ‘हॅलो’ एकाच तंतूने जाते आणि दुसरा तंतू निकामी असल्याचे कोणाला कळत नाही. या दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणून २०१४ सालच्या ७१३० क्रमांकाच्या लेखाने जुडग्यातील प्रत्येक दुव्यावर स्वतंत्र बी. एफ. डी. चालविण्याची तरतूद केली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१७ साली अशा अर्धवट बिघाडांना ‘करडे’ म्हटले आणि त्यांचे लक्षण असे सांगितले की, वापरणाऱ्याला जे जाणवते ते निरीक्षकाला दिसत नाही. तत्पूर्वी २०१५ साली त्याच कंपनीने, सर्व्हरांनीच परस्परांना सतत हाका मारून उत्तराला लागणारा वेळ मोजावा, अशी ‘पिंगमेश’ नावाची व्यवस्था प्रसिद्ध केली होती. दुव्याची साक्ष दुव्याच्या राखणदाराकडून न घेता त्यावरून जाणाऱ्या वाटसरूंकडून घ्यावी, हे तिचे तत्त्व. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर संपर्ककार्य सिद्ध झाले म्हणजे निवेदनकार्य सिद्ध झाले असे होत नाही. ‘हूं’ म्हणणारा ऐकतच असतो असे नाही, हे गोष्ट सांगणाऱ्या आजीला ठाऊक होते.

६

या चिकित्सेचा मराठी परिभाषेच्या दृष्टीने काय उपयोग? तांत्रिक विषयांची मराठी पाठ्यपुस्तके सिद्ध करताना ‘बिघाड ओळखणे’ हा शब्दप्रयोग सहज लेखणीत उतरतो, आणि त्याबरोबर वर दाखविलेले गृहीतही विद्यार्थ्याच्या मनात उतरते. आमची सूचना अशी की, तीन गोष्टींना तीन नावे असावीत. ठरलेल्या वेळी ठरलेले चिन्ह न येणे ते ‘अश्रवण’. त्यावरून दुवा वर्ज्य ठरविणे ती ‘भंगघोषणा’. आणि तार, तंतू वा यंत्र यांचे प्रत्यक्ष निकामी होणे तो ‘भंग’. पहिली गोष्ट स्विच जाणतो, दुसरी तो करतो, आणि तिसरी कोणीतरी जागेवर जाऊन पाहावी लागते. स्विचच्या नोंदवहीत पहिल्या दोहोंनाच स्थान असावे.

संस्कृतप्रचुर संज्ञा रुळणार नाहीत असे कोणी म्हटल्यास आमचा आग्रह नाही. ‘येत नाही’, ‘गेली असे धरले’ आणि ‘तुटली’ ही वाक्ये बाजारात तयार आहेत. केबल तपासण्याच्या छोट्या यंत्रावर एकापाठोपाठ आठ दिवे लागले, तरी त्यावरून आठ तारा अखंड आहेत एवढेच म्हणता येते. लिंक येईल की नाही, ते दोन्ही टोके जोडून पाहिल्यावरच कळते. हा भेद ज्या बोलीत रोज केला जातो, ती बोली शास्त्राला अपुरी पडेल असे मानण्याचे कारण नाही. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी या व्यवसायाच्या बोलीतील ‘येणे’, ‘जाणे’, ‘तुटणे’, ‘बसणे’, ‘लागणे’ या क्रियापदांचा पद्धतशीर संग्रह करावा. ज्ञान आणि अनुमान यांच्यामधील सीमारेषा मराठी क्रियापद कोठे आखते, हे त्यातून अधिक नेमकेपणाने सांगता येईल.